परवान्याची हद्द

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांच्या मधून हडसन नदी वाहते. न्यू जर्सीत राहायचं आणि रोज नदीपलीकडे कामाला जायचं, हा तिथल्या लाखो लोकांचा नेम. पण न्यूयॉर्कच्या डॉक्टरने न्यू जर्सीत घरी बसलेल्या पेशंटला व्हिडिओ कॉलवर तपासायचं म्हटलं, तर त्याच्याकडे सर्वसाधारणपणे न्यू जर्सीचाही परवाना लागतो. पेशंट जिथे असेल तिथेच उपचार झाले, असं कायदा मानतो. डॉक्टर कुठे बसला आहे, हा प्रश्न गौण.

या नियमाचं मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. 1830-40च्या दशकांत अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी डॉक्टरकीवरचे जुने निर्बंध काढून टाकले होते. पाटी लावली की डॉक्टर! पैसे मोजले की पदवी देणारी कॉलेजंही निघाली. यादवी युद्धानंतर राज्यांनी पुन्हा कायदे करायला सुरुवात केली. त्यांपैकी वेस्ट व्हर्जिनियाचा 1882चा कायदा पुढे निर्णायक ठरला. प्रॅक्टिस करायची तर तीनच वाटा होत्या: नावाजलेल्या कॉलेजची पदवी, राज्यात सलग दहा वर्षांची प्रॅक्टिस किंवा आरोग्य मंडळाची परीक्षा.

त्याच राज्यातला फ्रँक डेंट 1876पासून प्रॅक्टिस करत होता, म्हणजे दहा वर्षं भरत नव्हती. सिनसिनाटीच्या एका ‘एक्लेक्टिक’ वैद्यक-पंथाच्या कॉलेजची त्याची पदवी मंडळाने नाकारली. तरीही त्याने प्रॅक्टिस चालू ठेवली, तेव्हा त्याला 50 डॉलर दंड झाला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1889मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी एकमुखी निकाल लिहिला: अडाणी आणि भोंदू डॉक्टरांपासून जनतेला वाचवण्यासाठी पात्रतेची अट घालण्याचा राज्याला अधिकार आहे. सार्वजनिक आरोग्याचा कारभार मुळातच राज्यांकडे असल्याने परवानाही राज्याचाच राहिला, आणि डेंटच्या निकालाने त्याला भक्कम पाया मिळाला.

तेव्हा यात कुणाला अडचण नव्हती. डॉक्टर आणि पेशंट एकाच खोलीत असत. दूरवरून उपचारांचे सुरुवातीचे प्रयोगही राज्याच्या आतच झाले. नेब्रास्कात सेसिल विट्सन यांनी 1964मध्ये ओमाहाची मनोरुग्ण संस्था आणि 112 मैलांवरचं नॉरफोकचं सरकारी रुग्णालय दुतर्फा टीव्हीने जोडलं. 1968मध्ये केनेथ बर्ड यांनी बोस्टनच्या लोगन विमानतळावरचा दवाखाना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला जोडला. टीव्हीने मैलोगणती अंतर कापलं, पण राज्याची सीमा ओलांडायची वेळ आली नाही.

ती वेळ इंटरनेटने आणली. राज्यांच्या वैद्यकीय मंडळांच्या महासंघाने 1996मध्ये परराज्यातल्या डॉक्टरांसाठी मर्यादित परवान्याचा नमुना कायदा मांडला. मोजक्याच राज्यांनी तो उचलला. 2017मध्ये आंतरराज्य परवाना करार प्रत्यक्षात आला आणि आज 40हून अधिक राज्यं त्यात आहेत. पण त्यातूनही एक सामायिक परवाना मिळत नाही. कागदपत्रांची पडताळणी एकदाच होते, परवाना मात्र राज्यागणिक वेगळा आणि फीही वेगळी. नर्सना 2000पासून त्यांच्या वेगळ्या करारातल्या सगळ्या राज्यांत एकाच परवान्यावर काम करता येतं. डॉक्टरांना ती सोय नाही.

कोविडने हे सगळं उघड्यावर आणलं. 2020मध्ये बहुतेक राज्यांनी अटी सैल केल्या. दुर्मीळ आजाराच्या पेशंटांना दूरच्या शहरातला तज्ज्ञ घरबसल्या भेटू लागला. पुढे सवलती संपत गेल्या, तसे पेशंट गाडी काढून राज्याची सीमा ओलांडू लागले. पलीकडच्या एखाद्या पार्किंगमध्ये थांबायचं, फोन डॅशबोर्डला टेकवायचा, डॉक्टरशी बोलायचं आणि घरी परतायचं. डॉक्टर तोच, आजार तोच, फोनही तोच. केमोथेरपीने गळून गेलेल्या माणसाला एवढा प्रवास करायला लावून त्याचं कसलं रक्षण होतं?

आपल्याकडे 25 मार्च 2020च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी हा प्रश्न सरळ सोडवला. राज्याच्या नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर देशातल्या कुठल्याही पेशंटला दूरवरून सल्ला देऊ शकतो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या डॉक्टरला गोव्यातल्या पेशंटशी फोनवर बोलताना वेगळा परवाना काढावा लागत नाही.

अमेरिकी राज्यांच्या बाजूनेही एक रास्त मुद्दा आहे. परराज्यातल्या डॉक्टरने चूक केली, तर पेशंटने दाद कुणाकडे मागायची? ती त्याला स्वतःच्या राज्याच्या मंडळाकडेच मागता आली पाहिजे, आणि ते मंडळ त्या डॉक्टरला जाब विचारू शकलं पाहिजे. पण त्यासाठी दुसरा परवाना लागत नाही. साधी नोंदणी आणि त्या राज्याचे नियम पाळण्याची हमी पुरते. भोंदूंना अडवण्यासाठी घातलेली अट आज परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, नाव-गाव ठाऊक असलेल्या तज्ज्ञाला अडवते आहे. आणि त्याची किंमत मोजतो आहे तो पेशंट, ज्याच्या भल्यासाठी हा कायदा झाला होता.