नितळ पाण्यामागची विद्या

सुरत महानगरपालिकेने पाल भागात २०१४ मध्ये जगदीशचंद्र बोस मत्स्यालय सुरू केले, तेव्हा काचेआडचे पाणी नितळ राखण्याच्या विद्येला दीडशेहून अधिक वर्षे झाली होती. १८५० मध्ये लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधून पाणी न बदलता टाकी टिकवून दाखवली. परंतु मोठ्या मत्स्यालयांना हा उपाय अपुरा पडत असल्याने विल्यम लॉइड यांनी १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात पाणी तळघरातील अंधाऱ्या हौदांतून सतत खेळते ठेवले, कारण उजेडाविना हिरवे शेवाळ वाढत नाही.

नव्या टाकीतील दुधाळ गढूळपणाचे कारण मात्र निराळे असते. तो बहुधा पाण्यात मोकळ्या वाढणाऱ्या जीवाणूंचा असतो, आणि माशांच्या मलमूत्रातून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर, म्हणजेच नायट्रीकरण, हे जीवाणूंचेच कार्य असल्याचे शास्त्रज्ञ श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये सिद्ध केले.

नायट्रीकरण करणाऱ्या या उपयुक्त जीवाणूंना घर देणारे साधन म्हणजे कॅनिस्टर फिल्टर, अर्थात टाकीबाहेर ठेवलेला बंद डबा. बहुतेक रचनांत पाणी तळाकडून वर चढताना आधी जाड स्पंज, मग सच्छिद्र सिरॅमिक कड्या आणि शेवटी बारीक तंतूंचा थर ओलांडते. हा क्रम उलटला तर बारीक थर लगेच तुंबतो, आणि कड्या क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने धुतल्यास जीवाणू मरून गढूळपणा परततो. म्हणून कड्या टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळाव्यात.