लातूर-नांदेडचे घरभाडे : विद्यार्थी, भांडवल आणि कायदा

महानगरांत घरांच्या महागाईचे खापर अनेकदा परकीय भांडवलावर फुटते. लातूर-नांदेडमध्ये मात्र भाड्याच्या घरांना मोठी मागणी आहे ती शिक्षणामुळे. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे दहावीनंतर बाहेरगावचे विद्यार्थी येथे येतात, नांदेडलाही खासगी शिकवण्यांसाठी असाच ओघ असतो. तिघे विद्यार्थी मिळून जे भाडे भरू शकतात, ते एका पगारावर चालणाऱ्या कुटुंबाला झेपतेच असे नाही.

परकीय भागीदारीही आता दाराशी आली आहे. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यात १२० ‘वंदे भारत’ गाड्या बांधण्याचा करार २०२३ मध्ये भारत-रशिया भागीदारीतील कंपनीशी झाला. बाहेरून कामगार आल्यास घरांची मागणी आणखी वाढेल. अनिवासी भारतीयांना ‘फेमा’ कायद्यानुसार येथे घर विकत घेता येते, शेतजमीन नाही.

भाडेकरूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते.