वृक्षांचा कैवारी चित्रकार

रूसो म्हटलें कीं फ्रान्समधील तत्त्ववेत्ता आठवतो. परंतु त्याच आडनांवाचा एक निसर्गचित्रकारही तेथें होऊन गेला. थिओडोर रूसो १८१२ सालीं पॅरिसमध्यें जन्मला. तेथील सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं १८३६ पासून त्याचीं चित्रें वारंवार नाकारलीं. पुढें त्यानें फोंतेनब्लो अरण्याच्या कडेस बार्बिझों गांवीं बिऱ्हाड केलें.

त्या अरण्यांतील जुने ओक कुऱ्हाडीला बळी पडत होते. १८४७ सालीं रूसोनें ही वृक्षतोड रंगविली आणि चित्राला नांव दिलें ‘निष्पापांची हत्या’. हेरोद राजानें बेथलेहेममधील अर्भकें मारविलीं, त्या बायबलांतील कथेचें हें नांव. चित्र अपुरेंच राहिलें. आज तें हेग शहरीं आहे. कार्य मात्र अपुरें राहिलें नाहीं. १८५२ सालीं त्यानें सरकारकडे दाद मागितली. पुढील वर्षीं ६२४ हेक्टर रान तोडींतून वगळण्यांत आलें, आणि १८६१ च्या फर्मानानें तें क्षेत्र १०९७ हेक्टर झालें. अमेरिकेंतील यलोस्टोनचें राष्ट्रीय उद्यान त्यानंतर ११ वर्षांनीं अस्तित्वांत आलें.

राजेलोक अरण्यें राखीत तीं शिकारीसाठीं वा लांकडासाठीं. केवळ सौंदर्यासाठींही रान राखावें, हें सरकारच्या गळीं एका चित्रकारानें उतरविलें. १८६७ सालीं बार्बिझों येथेंच त्याचा अंत झाला.