एक नदी, दोन टेकड्या आणि पृथ्वीचा आकार

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, हे वाक्य आपण वर्गात इतक्या सवयीने सांगतो की ते कोणी आणि कुठे मोजले, असे विद्यार्थीही विचारत नाहीत. आम्हालाही हा प्रश्न बराच उशिरा पडला. त्याचे उत्तर शोधायला आम्ही भूगोलाचे पुस्तक उघडले आणि पोचलो इतिहासाच्या पुस्तकात.

युरोपच्या नकाशात बॉथनियाच्या आखाताचे अगदी वरचे टोक पहा. तिथे टोर्नियो नदी समुद्राला मिळते. आज तिच्या पश्चिमेला स्वीडन आहे, पूर्वेला फिनलंड. १७३६ साली मात्र दोन्ही तीर स्वीडनच्या राजाचे होते आणि दोन्ही तीरांवरचे शेतकरी फिनिश बोलत. त्या उन्हाळ्यात पॅरिसच्या विज्ञान अकादमीने पाठवलेली एक तुकडी तिथे उतरली. प्रमुख होता मोपेर्तुई. बरोबर गणिती क्लेरो आणि उप्सालाचा आन्डर्स सेल्सियस, तोच तो तापमापीवाला.

वाद असा होता. न्यूटनच्या मते स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असणार. फ्रान्समध्ये कासिनी पितापुत्रांनी केलेली मोजमापे नेमके उलट, म्हणजे पृथ्वी ध्रुवांकडे लांबट असल्याचे सुचवत होती. निवाड्याची युक्ती सोपी आहे. चपटा भाग हा मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. म्हणून पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असेल तर तिथे रेखावृत्ताच्या एका अंशाची लांबी जास्त भरली पाहिजे. (हे फळ्यावर दोन वेगवेगळ्या त्रिज्यांचे कंस काढून दाखवावे. नुसत्या शब्दांत मुले हमखास उलट समजतात.)

नदीकाठच्या टेकड्यांवर लाकडी खुणा उभारून तुकडीने त्रिकोणांची साखळी आखली. त्यांत आवासाक्सा आणि पुलिंकी अशा दोन टेकड्या होत्या. त्यांची नावे लक्षात ठेवावीत. सर्वेक्षणाला निदान एक बाजू प्रत्यक्ष मोजावी लागते. डोंगराळ, जंगली मुलखात सपाट जागा कुठली? नदी गोठेपर्यंत ते थांबले आणि डिसेंबरात बर्फावर लाकडी काठ्या एकापुढे एक ठेवत त्यांनी सुमारे चौदा किलोमीटरची पायारेषा मोजली. तिथला अंश सुमारे ५७,४३८ तोआज भरला, पॅरिसजवळचा सुमारे ५७,०६० होता (एक तोआज म्हणजे अंदाजे १.९५ मीटर). न्यूटन जिंकला.

पुढे १८०१ ते १८०३ या काळात स्वीडनच्या स्वानबेर्गने त्याच खोऱ्यात पुन्हा मोजणी केली, तेव्हा अंश ५७,१९६ तोआजच्या आसपास निघाला. म्हणजे मोपेर्तुईच्या मापात बरीच मोठी चूक होती आणि निष्कर्ष मात्र बरोबर होता. विज्ञानात असे होते, आणि ते मुलांपासून लपवण्याचे काहीच कारण नाही.

१८०७ साली टिल्झिटला नेपोलियन आणि झार अलेक्झांडर यांचा समेट झाला आणि त्याची किंमत स्वीडनला चुकवावी लागली. १८०८ मध्ये रशियन फौजा फिनलंडमध्ये शिरल्या. १७ सप्टेंबर १८०९ च्या तहाने फिनलंड रशियाकडे गेले आणि टोर्नियो नदी सीमा ठरली. टोर्नियो गाव खरे तर मुख्य प्रवाहाच्या पश्चिमेला, तरी ते रशियाने घेतले. मग स्वीडनच्या बाजूला हापारांडा हे नवे गाव वाढले. फिनलंडमध्ये झारने जुने स्वीडिश कायदे आणि ल्युथरन चर्च यांना हात लावला नाही. अशा रीतीने आवासाक्सा रशियन साम्राज्यात आली आणि पुलिंकी स्वीडनमध्येच राहिली.

त्यानंतर आला स्ट्रूव. त्याचे विद्यापीठ डोरपाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातले टार्टू. ते १६३२ साली स्वीडनच्या राजाने स्थापले, युद्धात १७१० साली बंद पडले आणि १८०२ मध्ये झारच्या राज्यात जर्मन माध्यमात पुन्हा सुरू झाले. १८१६ ते १८५५ या काळात स्ट्रूव आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हामरफेस्टपासून काळ्या समुद्रापर्यंत २,८२० किलोमीटरची त्रिकोणसाखळी पुरी केली. उत्तरेच्या भागात नॉर्वेचा हान्स्टेन आणि स्वीडनचा सेलान्डर यांची साथ होती. या साखळीतही आवासाक्सा आणि पुलिंकी होत्याच. आता त्यांच्यामधली दृष्टिरेषा दोन राज्यांच्या सीमेवरून जात होती.

याच सुमारास आपल्याकडे कन्याकुमारीपासून उत्तरेकडे दुसरी साखळी चढत होती. तिचा कर्ता विल्यम लॅम्बटन १८२३ साली काम चालू असतानाच हिंगणघाटला वारला. वर्धा जिल्ह्यातल्या शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. क्लार्कने १८६६ मध्ये पृथ्वीचा आकार काढताना रशियाचा आणि भारताचा, दोन्ही कंस वापरले.

नदीकाठच्या माणसांचे पुढे काय झाले, हेही शिक्षकांना ठाऊक असावे. रशियाच्या बाजूला १८६३ च्या हुकुमाने फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीने सरकारी भाषा होण्याचा मार्ग खुला झाला. स्वीडनच्या बाजूला, मुख्यतः रशियाच्या भीतीपोटी, उलटे घडले. सीमेवरची माणसे पक्की स्वीडिश व्हावीत म्हणून १८८८ पासून सरकारी शाळा फक्त स्वीडिश माध्यमाच्या निघाल्या. गरीब आणि दूरच्या वस्त्यांतली मुले १९०३ पासून वसतिगृहांत ठेवली जाऊ लागली. शाळेत घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी तिथल्या वृद्धांनी सांगितल्या आहेत. ती शिक्षा करणारे आपल्यासारखेच शिक्षक होते आणि त्यांतल्या कित्येकांना आपण मुलांचे भलेच करतो आहोत असे वाटत असणार. त्या काठाची बोली आता 'मेएनकिएली', म्हणजे 'आमची भाषा', या नावाने ओळखली जाते. २००० साली स्वीडनने तिला अल्पसंख्याक भाषेचा दर्जा दिला आणि २०२३ मध्ये सरकारने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने या शाळांवरचा आपला अहवाल सादर केला.