वायद्याची तारीख

‘वायदा’ हा शब्द आपल्याकडे अरबींतून आला. त्याचा मूळ अर्थ वचन एवढाच. पण मराठींत त्याला मुदतीचा अर्थ असा चिकटला आहे कीं, ‘वायदा टळला’ म्हटलें म्हणजे ठरलेली तारीख हुकली असेंच आपण समजतों. गोदामांत पडलेला तो तयार माल, आणि पुढें यावयाचा तो वायद्याचा माल, असा भेद व्यापारी करतात. जवळ आहे त्या मालावर तारीख देणें सोपें. जो अद्याप मागावर आहे, किंबहुना ज्याचा कापूसही वेंचावयाचा आहे, त्याच्या भरंवशावर गिऱ्हाइकाला तारीख देणें हें मोठें जोखमीचें काम आहे. तें कसें चाले, आणि तारीख चुकली म्हणजे भुर्दंड कोणाच्या डोक्यावर बसे, हें सतराव्या शतकांतील सुरतेच्या कापडव्यापारावरून आज सांगावयाचें आहे.

इ. स. १६१२-१३ च्या सुमारास इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचें बस्तान सुरतेस बसलें. तापीच्या मुखाशीं गाळ असल्यामुळें मोठीं जहाजें शहरापर्यंत येत नसत. तीं जवळच सुवाळी येथें नांगर टाकीत. विलायतेहून फाल्गुन-चैत्राच्या सुमारास निघालेलें जहाज आफ्रिकेला वळसा घालून पावसाळा सरतां सरतां येथें पोंचे, आणि थंडी संपण्याच्या आंत त्याला परत निघावें लागे. वारा कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणजे माल भरावयास मिळत ते तीन-चार महिने. जहाजाबरोबर लंडनच्या डायरेक्टरांची यादी येई : अमुक जातीचा बाफ्ता इतके तागे, रुंदी इतकी, पोत असें. हा माल परत लंडनला पोंचून लिलावांत उभा राहीपर्यंत, मागणी लिहिल्या दिवसापासून सुमारें दोन वर्षें उलटत. लंडनला बसून दोन वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाची आवड ठरवावयाची, आणि ती सुरतेच्या दलालानें तीन महिन्यांत पुरवावयाची, असा हा मामला होता.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना काळ-काम-वेगाचीं उदाहरणें घालीत असूं. दहा विणकर अमुक दिवसांत अमुक तागे विणतात, तर पन्नास विणकरांना किती दिवस लागतील? उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असे. सुरतेच्या दलालापुढें हेंच उदाहरण होतें. फरक इतकाच कीं, विणकरांची संख्या, सुताचा भाव आणि पाऊस यांपैकीं एकही गोष्ट त्यांत दिलेली नसे.

विणकर गरीब. सूत घ्यावयास पैसा हवा, तोंवर घरांत दाणा हवा. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीं त्याला उचल द्यावी लागे. कंपनीनें दलालाला पैसे द्यावे, त्यानें ते गांवोगांवच्या विणकरांत वांटावे आणि अमुक मुदतींत माल आणून देण्याची हमी घ्यावी, अशी रीत होती. मागावरून उतरलेलें कापड कोरें असे. तें धुऊन शुभ्र करावयास भडोचला पाठवीत. तेथील पाणी या कामीं नांवाजलेलें होतें. पण धुलाईला ऊन लागतें, म्हणजे पावसाळ्यांत तें काम मंदावे. उत्तरेकडून येणाऱ्या मालाची गोष्ट तर आणखी बिकट. दर्याबादचें कापड व बयान्याची नीळ आग्र्यास गोळा होई, आणि तेथून सुरतेपर्यंत गाडीवाटेनें पस्तीस-चाळीस दिवसांचा प्रवास. तोही वाटा कोरड्या असतील तर. एक तांडा आठ-पंधरा दिवस उशिरां आला, तर त्याचा माल पुढच्या वर्षाच्या जहाजावर जावयाचा.

तेव्हां शहाणा दलाल तीन हिशेब वेगळे ठेवी. वखारींत बांधून तयार असलेले गठ्ठे किती. भडोचला धुलाईस गेलेले किंवा मागावर असलेले किती. आणि नुसती उचल दिलेली, पण सुतालाही हात न लागलेले किती. पहिल्यावर वचन द्यावें, दुसऱ्यावर थोडें हातचें राखून द्यावें, तिसऱ्यावर शक्यतों देऊंच नये. अडचण ही होती कीं, लंडनच्या यादीचें पोट पहिल्या दोहोंनीं भरत नसे.

यावर तोड काय? सुरतेच्या इंग्रज कारकुनांना ती सांपडली होती, व ती त्यांनीं वरचेवर लंडनला लिहून कळविली : जहाज गेल्यावर आमच्या हातीं रक्कम शिल्लक राहूं द्या. पावसाळ्यांत बंदर बंद असतें, गिऱ्हाईक नसतें, विणकर कामासाठीं आसुसलेला असतो. त्या वेळीं स्वस्त माल घेऊन ठेवला, तर जहाज येईल तेव्हां गठ्ठे तयार असतील. डायरेक्टरांना हें पटे, पण पैसा निघत नसे. सहा महिने निपचित पडलेला पैसा त्यांना डोळ्यांनीं पाहवत नव्हता! मग सुरतेच्या वखारीला वीरजी व्होरासारख्या सावकाराच्या पेढीची पायरी चढावी लागे. व्याज गेलें तें गेलेंच, आणि घाईनें घेतलेल्या मालाला भावही चढा पडला. माझ्या मतें या वादांत सुरतेचे कारकून बरोबर होते.

अशा स्थितींत इ. स. १६३० चा पावसाळा कोरडा गेला. गुजराथ व दख्खन या दोहोंवर आलेला हा दुष्काळ आपणां महाराष्ट्रीयांस परका नाहीं. तुकाराम महाराजांची पहिली पत्नी याच काळांत अन्नावांचून गेली असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच वर्षीं कार्तिकाच्या सुमारास पीटर मंडी नांवाचा इंग्रज कारकून सुरतेहून आग्र्यास निघाला. वाटेंतील ओस गांवें आणि रस्त्याच्या कडेला पडलेलीं प्रेतें यांचें त्यानें केलेलें वर्णन वाचवत नाहीं. पुढच्या वर्षीं उलट अतिवृष्टीनें पीक बुडालें.

दलालाच्या तीन हिशेबांचें या दोन वर्षांत काय झालें पहा. तयार गठ्ठे होते ते गेले. मागावरचा माल अर्धाच राहिला, कारण विणणारा मेला किंवा गांव सोडून गेला. उचल तर त्याच्या पोटांत केव्हांच गेली होती. ती कोणाकडून वसूल करणार? पाणी नाहीं म्हणून धुलाई नाहीं, चारा नाहीं म्हणून बैल नाहींत, बैल नाहींत म्हणून तांडे नाहींत. पाऊस पुन्हां वेळेवर पडूं लागला तरी कापड आलें नाहीं. धान्य सोन्याच्या भावानें विकलें जात असतांना कापूस कोण पेरणार? शेतकऱ्यांनीं कपाशीच्या जमिनी धान्याखालीं घातल्या. जहाजें मात्र पंचांगाप्रमाणें येतच होतीं. गुजराथची घडी पुन्हां बसावयास कित्येक वर्षें लागलीं. १६३३ सालीं सुरतेचा प्रमुख होऊन आलेल्या मेथवोल्डच्या अमदानींत कंपनीनें सिंधमधील ठठ्ठ्याकडे मोर्चा वळविला, आणि चोलमंडळच्या किनाऱ्यावरील कापडाकडेही तिचें लक्ष अधिक गेलें. एकाच प्रांताच्या पावसावर सर्व वायदे टांगणें कंपनीला पुढें परवडण्यासारखें नव्हतें.

दलालाचें नांव आपण पुष्कळ घेतलें. पण हमीची दोरी त्याच्याही हातून खालीं जात असे. त्याला दंड झाला कीं तो विणकराच्या मजुरींतून कापून घेई. सुरतेंत निदान गिऱ्हाइकें अनेक होतीं. डच होते, अरब व इराणी व्यापारी होते. एकाशीं पटलें नाहीं तर विणकर दुसऱ्याकडे जाई, म्हणून त्याला थोडीफार पत होती. बंगालमध्यें पुढें हीच स्थिति बदलली. तेथें आगाऊ रकमेला दादनी म्हणत. इ. स. १७५३ मध्यें कंपनीनें दादनी व्यापाऱ्यांना दूर सारून आपले पगारी गुमास्ते नेमले, आणि चार वर्षांनीं पलाशीनंतर त्या गुमास्त्याच्या पाठीशीं राजसत्ता उभी राहिली. त्यांनीं मांडलेल्या जुलमाचें वर्णन विल्यम बोल्ट्स यानें १७७२ सालीं प्रसिद्ध केलें. बोल्ट्स स्वतः कंपनीशीं भांडून निघालेला होता, तेव्हां त्याचा शब्दन् शब्द प्रमाण धरूं नये. परंतु १७९३ सालच्या एकतिसाव्या रेग्युलेशनला तो आक्षेप लागत नाहीं, कारण तें खुद्द सरकारनें केलेलें आहे. ठरलेल्या मुदतींत कापड न देणाऱ्या विणकरावर कंपनीच्या अधिकाऱ्यानें शिपाई बसवावे, व दुसऱ्या कोणाचें काम त्याला घेऊं देऊं नये, अशी त्यांत मुभा आहे. पेशवाईंत सारा थकला म्हणजे दारांत मोहसल बसवीत, तोच हा प्रकार. येथें थकला होता तो साऱ्याचा पैसा नव्हे, कापडाचा तागा.

वीस वर्षांनीं, १८१३ च्या सनदेनें, हिंदुस्थानच्या व्यापारावरील कंपनीचा मक्ता संपला, व १८३३ च्या सनदेनें तिचा व्यापारच बंद झाला. तोंपर्यंत लँकेशायरच्या गिरण्यांचें कापड हिंदुस्थानच्या बंदरांत उतरूं लागलें होतें, आणि दारांत शिपाई बसवावा असे विणकर पूर्वींच्या मानानें थोडेच उरले होते.