संख्याशास्त्रीय आउटपुटचे वाचन

(सामाजिक शास्त्रांतील). एसपीएसएस, आर, जामोवी यांसारख्या संगणकप्रणालीत सर्वेक्षणाची माहिती भरून चाचणी लावली की पडद्यावर जे तक्ते येतात, त्यांना विद्यार्थी ‘आउटपुट’ म्हणतात. त्यातला कोणता आकडा कशाचा, आणि त्यावरून माणसांविषयी काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, हे ठरवणे म्हणजे आउटपुटचे वाचन. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य आणि कृषी विस्तार शिक्षण या विषयांत ते ‘संशोधन पद्धती’च्या अभ्यासात शिकवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.साठी कोर्सवर्क सक्तीचे केले, तेव्हापासून या विषयाची गाठ जवळजवळ प्रत्येक संशोधकाशी पडते. त्यांतल्या अनेकांनी गणित दहावीनंतर सोडलेले असते.

पार्श्वभूमी : एसपीएसएस ही प्रणाली १९६८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, हॅडलाय हल आणि डेल बेंट यांनी तयार केली. नावातच ती सामाजिक शास्त्रांसाठी असल्याचे सांगितले होते. २००९ मध्ये आयबीएमने ती विकत घेतली. आर ही मोफत प्रणाली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. कृषी विद्यापीठांत हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठात तयार झालेले ओपीस्टॅटही चालते.

महाराष्ट्रात सामाजिक सर्वेक्षणाची परंपरा या सर्वांहून जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत (स्थापना १९३०) धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली; तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी सारण्या हातानेच तयार होत. बेरीज स्वतः केलेल्याला ती कोणत्या कागदावरून आली हे वेगळे विचारावे लागत नसे. आज तो प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो, आणि आउटपुट वाचण्याचा पहिला धडा तोच आहे.

पुढचे उदाहरण मराठवाड्यातले आहे. तिथे परभणीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झाले (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ), तर १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. परभणी जिल्ह्यातल्या सामाजिक शास्त्रांच्या महाविद्यालयांचे नाते नांदेडशी आहे. या भागातल्या प्रबंधांचा एक ओळखीचा साचा आहे : तालुका ठरवायचा, काही गावे निवडायची, प्रत्येक गावातून काही शेतकरी किंवा महिला घ्यायच्या आणि मुलाखत अनुसूची भरून आणायची. खालील उदाहरण याच जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातील बोरी या गावी आणि शेजारच्या गावांत असा अभ्यास झाला तर काय दिसेल, असे कल्पून रचले आहे. त्यातले आकडे प्रत्यक्ष पाहणीचे नाहीत.

वरचा तक्ता आधी : आउटपुट उघडले की नजर थेट शेवटच्या ‘सिग.’ या स्तंभाकडे जाते. तिथे ०.०५ पेक्षा लहान आकडा दिसला की ‘सिग्निफिकंट आलं’ म्हणून सुटकेचा निःश्वास सोडला जातो. वाचन मात्र उलट बाजूने, कंटाळवाण्या वाटणाऱ्या पहिल्या तक्त्यापासून व्हायला हवे. तिथे किती जणांची माहिती धरली, किती जणांची सुटली, सर्वांत लहान व सर्वांत मोठे मूल्य कोणते, एवढेच असते.

समजा १२० शेतकऱ्यांना जमीनधारणा विचारली. ११७ जणांनी उत्तर दिले आणि त्यांची सरासरी ४ एकर आली. तिघांनी सांगितले नाही, म्हणून त्यांच्यापुढे ‘९९’ हा संकेतांक टाकला. हा आकडा ‘माहिती नाही’ या अर्थाचा आहे असे प्रणालीला कळवले नाही, तर ती तिघांना प्रत्येकी ९९ एकर देऊन टाकते आणि सरासरी ६.३८ एकर होते. कमाल मूल्याच्या रकान्यात ९९ स्पष्ट छापलेले असते. पण तो रकाना पाहिला तर.

याहून फसवी गोष्ट गुंठ्यांची. ‘दोन एकर वीस गुंठे’ हे उत्तर अनुसूचीत सहज २.२० असे लिहिले जाते. एकराचे गुंठे ४०, म्हणजे ती जमीन अडीच एकर आहे. प्रणाली तिला २.२ एकर समजते. ९९ निदान डोळ्यात खुपतो, २.२० खुपत नाही. सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरमध्ये ही अडचण येत नाही, कारण हेक्टरचे आर १०० असतात. अनुसूचीत एकर आणि गुंठे यांना दोन वेगळे रकाने ठेवणे हा साधा उपाय आहे. कोणतीही चाचणी ही चूक पकडून देत नाही.

मतमापन श्रेणीतही असेच होते. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये मांडलेल्या पाच बिंदूंच्या श्रेणीत ‘पूर्णतः सहमत’ला ५ गुण दिले आणि काही विधाने नकारार्थी असली, तर त्यांचे गुण उलटवावे लागतात. ते राहून गेले की क्रॉनबाखचा अल्फा (विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचे माप) फार कमी, कधी उणेही येतो. विद्यार्थी मग प्रश्नावलीच वाईट ठरवून विधाने गाळायला बसतो.

काय-वर्ग चाचणीचा तक्ता : समजा १२० महिलांपैकी ६० बचतगटाच्या सदस्य आहेत आणि ६० नाहीत. बँकेचा व्यवहार स्वतः जाऊन करणाऱ्या सदस्यांत ३९ (६५ टक्के) आणि इतरांत २७ (४५ टक्के) आहेत. येथे पहिला घोटाळा टक्केवारीच्या दिशेचा होतो. ओळीची टक्केवारी घेतली तर ‘सदस्यांपैकी ६५ टक्के स्वतः व्यवहार करतात’ हे वाक्य मिळते. स्तंभाची घेतली तर ‘स्वतः व्यवहार करणाऱ्या ६६ जणींपैकी ५९ टक्के सदस्य आहेत’ हे मिळते. दोन्ही खरी, पण प्रश्न सदस्यत्वाने काय फरक पडतो असा असेल तर पहिले हवे. प्रबंधांत बहुधा दोन्ही टक्केवाऱ्या एकाच चौकटीत छापतात आणि विवेचनात हाताला लागेल ती घेतात.

त्याखालच्या तक्त्यात एसपीएसएस अनेक ओळी देते. पिअर्सनचे काय-वर्ग मूल्य ४.८५, स्वाधीनता मात्रा १, सार्थकता (म्हणजेच ‘सिग.’) ०.०२८. पुढच्या ओळीत येट्सच्या दुरुस्तीसह तेच मूल्य ४.०७ आणि सार्थकता ०.०४४. हीच माहिती आरमध्ये नेहमीच्या आज्ञेने तपासली तर फक्त ४.०७ दिसते, कारण दोन बाय दोनच्या तक्त्याला आर ती दुरुस्ती आपोआप लावते. एकाच अनुसूचीवरून दोघांनी दोन आकडे आणले म्हणून वाद घालणाऱ्यांपैकी चूक कुणाचीच नसते. कोणती ओळ वापरली ते लिहायचे राहिलेले असते. तक्त्याखाली बारीक अक्षरांत किती चौकटींतली अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी आहे तेही छापलेले असते. आपल्या उदाहरणात सर्वांत लहान अपेक्षित वारंवारता २७ आहे, म्हणून चिंता नाही. जातगट, शिक्षण आणि धारणा यांचे बारीक तुकडे पाडले की ही टीप निकाल फिरवण्याइतकी महत्त्वाची ठरते.

मूल्य सार्थक आले, पण संबंध किती घट्ट? त्यासाठी फाय गुणक पाहावा. येथे तो ०.२० आहे, म्हणजे संबंध सौम्य. दोन गटांतला फरक २० टक्के-बिंदूंचा, आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल सुमारे ३ ते ३७. प्रबंधात छापण्याजोगी सर्वांत उपयोगी ओळ हीच. तीत फरक आहे हेही आहे आणि त्याचा नेमका आकार १२० महिलांवरून सांगणे किती कठीण आहे हेही.

टी-चाचणीचे दोन ‘सिग.’ : दोन गटांची मध्यमाने ताडताना एसपीएसएसच्या तक्त्यात सार्थकतेचे आकडे दोन ठिकाणी येतात. डावीकडचा लेव्हीनच्या चाचणीचा असतो. दोन गटांतले विचरण सारखे मानावे की नाही एवढेच तो सांगतो. मध्यमानांतल्या फरकाचा आकडा त्याच्या उजवीकडे असतो. नवखा वाचक डावीकडचा उचलतो, आणि ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक आहे. लेव्हीनचा आकडा ०.०५ पेक्षा मोठा असेल तर वरची ओळ, लहान असेल तर खालची ओळ वाचायची, अशी शिकवण्याची पद्धत आहे. आर आपोआप खालच्या ओळीचीच, म्हणजे वेल्चची पद्धत वापरते. त्यामुळे तिथे स्वाधीनता मात्रा ११८ ऐवजी ११३.४ अशी अपूर्णांकात दिसू शकते. ती छपाईची चूक नव्हे.

‘०.०००’ हाही असाच एक आकडा. प्रणाली तीन दशांशांपर्यंत छापते, म्हणून ०.०००३ चे ०.००० होते. ‘शक्यता शून्य’ असे लिहू नये, ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे. एसपीएसएसच्या अलीकडच्या आवृत्त्या तसेच छापतात.

पुस्तकामागची सारणी : मराठी प्रबंधांत आजही एक वाक्य जसेच्या तसे भेटते : प्राप्त टी-मूल्य सारणी-मूल्य १.९८ पेक्षा अधिक असल्याने शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो. (शून्य परिकल्पना म्हणजे गटांत फरक नाही हे गृहीत.) हाताने गणित करण्याच्या दिवसांत पी-मूल्य, म्हणजे ‘सिग.’ स्तंभातला आकडा, काढणे अवघड होते, म्हणून ०.०५ आणि ०.०१ या दोन स्तरांच्या सारण्या पुस्तकामागे जोडलेल्या असत. संगणक नेमके पी-मूल्य देतो तरी सारणी सुटलेली नाही. यात हानी थोडी, गंमत अधिक : यंत्राने दाखवलेली अचूक वेळ मनगटी घड्याळावर ताडून पाहावी तसे.

‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार’ हा शब्दप्रयोग मात्र खरोखर नडतो. पी-मूल्य ०.२१ आले म्हणजे दोन गट सारखे आहेत असे सिद्ध होत नाही. १२० जणांवरून फरक दाखवता आला नाही, इतकेच कळते. आधी न्यायालयाने पुराव्याअभावी सोडले आणि मग तेवढ्यावरून सज्जनतेचे प्रमाणपत्र दिले, असा हा प्रकार.

‘सार्थक’ या मराठी शब्दानेही थोडी दिशाभूल होते. रोजच्या बोलण्यात जन्माचे सार्थक होते, कष्टांचे सार्थक होते. म्हणून ‘सार्थक फरक’ ऐकताच मोलाचा फरक असा भास होतो. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ अगदी मर्यादित आहे : प्रत्यक्षात फरक नसता तर केवळ निवडीच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक क्वचितच दिसला असता. ०.०५ ची रेषा रोनाल्ड फिशरच्या १९२५ च्या पुस्तकाने रूढ केली. तिच्यामागे निसर्गाचा नियम नाही. परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-मूल्य सांगत नाही, हे अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ मध्ये निवेदन काढून सांगितले.

नमुन्याचा आकार वाढला की हा मुद्दा ठळक होतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९–२१ मध्ये केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ७०७ जिल्ह्यांतील ६,३६,६९९ कुटुंबे होती. ही माहिती उतरवून घेऊन अनेक विद्यार्थी तिच्यावर लघुप्रबंध करतात. संपूर्ण देशाची माहिती घेतली तर अर्ध्या टक्क्याचा फरकही सार्थक येतो, मग तो जमिनीवर कुणाला जाणवो न जाणवो. शिवाय त्या माहितीला भारांक लावावे लागतात. न लावता काढलेली टक्केवारी संस्थेच्या अहवालाशी जुळत नाही आणि विद्यार्थी अहवालावर शंका घेतो.

नमुन्याची निवड : आउटपुटमधले प्रत्येक पी-मूल्य एका न छापलेल्या अटीवर उभे असते : उत्तरदाते यादृच्छिक पद्धतीने आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे निवडलेले असावेत. दहा गावांतून प्रत्येकी बारा जण घेतले तर ते १२० स्वतंत्र माणसे नसतात. एका गावाला पाणी एकच, कृषी सहायक एकच, बँकेची शाखाही बहुधा एकच. त्यामुळे उत्तरे एकमेकांसारखी होतात. साधी चाचणी हे धरत नाही आणि आत्मविश्वास वाजवीपेक्षा जास्त दाखवते. एसपीएसएसमधील ‘कॉम्प्लेक्स सॅम्पल्स’ हा भाग किंवा आरमधील ‘सर्व्हे’ हे पॅकेज अशा रचनेसाठी आहे. आठवडी बाजारात भेटले त्यांना गाठून अनुसूच्या भरल्या असतील, तर मात्र कोणतेही पॅकेज ती उणीव भरून काढत नाही.

समाश्रयण (रिग्रेशन) : येथे एसपीएसएसमध्ये तीन मुख्य तक्ते येतात. त्यांतल्या पहिल्यातील आर-वर्ग ०.३४ असेल तर आश्रयी चलातील ३४ टक्के विचरण प्रतिमानाने समजावले गेले, असे म्हणतात. तिसऱ्या तक्त्यातील ‘बी’ मूळ एककात असतो (शिक्षणाच्या एका वर्षामागे किती गुण वाढले) आणि ‘बीटा’ एककमुक्त; दोन्हींची सरमिसळ करू नये. आरच्या आउटपुटमध्ये आकड्यापुढे तारे येतात : ०.००१ पेक्षा कमी असेल तर तीन, ०.०१ पेक्षा कमी असेल तर दोन, ०.०५ पेक्षा कमी असेल तर एक. एकसारखे आर-वर्ग आणि एकसारखी रेषा देणारे चार अगदी वेगळे आलेख फ्रान्सिस अँस्कोम्बने १९७३ मध्ये रचून दाखवले, ते विद्यार्थ्याला तक्त्याआधी दाखवावेत. बचतगटाच्या उदाहरणातही समाश्रयण लावून शिक्षण आणि वय धरता येते. तरी बँकेत एकटीने जाणाऱ्या बाया गटात आल्या की गटात आल्यावर त्या बँकेत जाऊ लागल्या, हे एकदाच भरलेल्या अनुसूचीवरून कळत नाही. त्यासाठी दोन वर्षांनी त्याच घरी पुन्हा जावे लागते.