फेरान कोरोमिनास : माँजुइकच्या ९१व्या मिनिटापासून फातोर्ड्यापर्यंत

गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना तो केवळ ‘कोरो’ या दोन अक्षरी नावाने ठाऊक आहे. फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर तीन मोसम गोलांचा पाऊस पाडणाऱ्या या स्पॅनिश आघाडीवीराचे पूर्ण नाव फेरान कोरोमिनास. मात्र भारतात पाऊल ठेवण्यापूर्वी तब्बल अकरा वर्षे आधीच त्याने आपल्या देशात एका अख्ख्या क्लबचे भवितव्य एका फटक्यात बदलले होते, हे इथल्या अनेकांना माहीत नसते.

कोरोचा जन्म ५ जानेवारी १९८३चा, कॅटलोनियातील जिरोना प्रांतातला. बार्सिलोना शहरातील ‘दुसरा’ क्लब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एस्पान्योलच्या युवा संघांतून तो घडला. त्याच शहरातील बलाढ्य बार्सिलोनाच्या सावलीत वावरणाऱ्या या क्लबच्या वाट्याला मोठे यश क्वचितच येते. त्यामुळे २००६च्या एप्रिलमध्ये माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर झारागोझाला ४-१ असे नमवून जिंकलेला ‘कोपा डेल रे’ हा त्यांच्यासाठी दिवाळीसारखाच सोहळा होता. अंतिम सामन्यातील चारपैकी एक गोल कोरोचा होता.

पण लीगमध्ये हाच संघ गटांगळ्या खात होता. १३ मे २००६ रोजी मोसमाचा अखेरचा सामना रेआल सोसिएदादशी होता. नव्वद मिनिटे संपली तरी गोलफलक कोराच होता. तो तसाच राहिला असता तर करंडक जिंकणारा संघ महिन्याभरातच दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला असता. भरपाई वेळेत, ९१व्या मिनिटाला, कोरोने गोल केला. एस्पान्योल वाचला; त्यांच्याऐवजी आलावेस खाली गेला. पहिल्या श्रेणीतून घसरण म्हणजे दूरचित्रवाणीचे उत्पन्न, प्रायोजक आणि चांगले खेळाडू असे सारेच गमावणे. म्हणूनच कोरोच्या कारकिर्दीत याहून देखणे गोल असतील, पण याहून मोलाचा एकही नाही.

पुढच्याच वर्षी एस्पान्योलने युएफा करंडकाची अंतिम फेरी गाठली. उपांत्य फेरीत वेर्डर ब्रेमेनविरुद्धही कोरोने आपली छाप सोडली. ग्लासगोतील अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि सेव्हियाने पेनल्टींवर बाजी मारली.

त्यानंतर ओसासुना, जिरोना असा प्रवास करत तो एल्चेत स्थिरावला. २०१२-१३मध्ये एल्चेने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून २४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत पुनरागमन केले, त्यात कोरोच्या गोलांचा वाटा मोठा होता. दैवाचा खेळ असा की २०१५मध्ये तेराव्या स्थानावर राहूनही एल्चेला कर्जापायी खाली जावे लागले. एका क्लबला मैदानावर वाचवणाऱ्या कोरोला इथे मात्र काहीच करता येण्यासारखे नव्हते, कारण लढाई हिशेबाच्या वहीत हरली होती. पुढे मायोर्का आणि सायप्रसमधील डोक्सा असे मुक्काम झाले.

२०१७मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या एफसी गोवा संघात तो आला, तेव्हा चौतिशीत होता. इंडियन सुपर लीगमध्ये निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे परदेशी खेळाडू यापूर्वीही आले होते. त्यातले बरेच नावापुरते खेळून परतले. कोरोने मात्र पहिल्याच महिन्यात बंगळुरूविरुद्ध (४-३) आणि पाठोपाठ केरळविरुद्ध (५-२) हॅटट्रिक नोंदवली. केरळविरुद्धचे तीन गोल तर अवघ्या सात मिनिटांतले. मध्यम चणीचा हा खेळाडू अंगमेहनतीपेक्षा अचूक वेळेवर विसंबे. बचावपटूच्या पाठीमागची मोकळी जागा हेरून तो धाव घेई आणि चेंडू पायाशी येताच फार विचार न करता फटका मारी.

पहिल्या मोसमात १८, दुसऱ्यात १६ गोल करून त्याने सलग दोनदा ‘गोल्डन बूट’ पटकावला. असे करणारा तो पहिलाच. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात मात्र जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला राहुल भेकेच्या हेडरने बंगळुरूला १-० असा विजय मिळवून दिला. गोव्याला आयएसएलच्या विजेतेपदाने तेव्हाही हुलकावणीच दिली. त्याच वर्षी चेन्नईयिनला २-१ असे हरवून जिंकलेल्या सुपर करंडकाने ती जखम थोडी भरली. त्यातही कोरोचा एक गोल होता.

२०१९-२०च्या मोसमात त्याने १४ गोल केले. साखळीत अव्वल ठरलेल्या गोव्याने एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब. ती स्पर्धा २०२१मध्ये फातोर्ड्यातच रंगली, पण तोवर कोरो मायदेशी, अॅटलेटिको बालेआरेसकडे गेला होता. आयएसएलमधील ५७ सामन्यांत ४८ गोल ही त्याची शिदोरी. बार्थोलोम्यू ओग्बेचेने २०२२मध्ये हा आकडा मागे टाकला, पुढे सुनील छेत्रीही त्याच्या पुढे गेला. मात्र या दोघांना त्यासाठी कोरोपेक्षा बरेच अधिक सामने खेळावे लागले.